हात वर करून रस्ता ओलांडणारा माणूस

बाबा रस्ता ओलांडताना उजवा हात वर करतात. पोलीस करतो तसा ताठ नाही, खांद्याच्या जरासा वर, पंजा उघडा, बोटं किंचित वाकलेली, वर्गात उत्तर नक्की येत नसताना मुलगा हात वर करतो ना, तसा. डाव्या हातात कापडी पिशवी, पिशवीत अर्धा लिटर दूध आणि कोथिंबीर. आणि गाड्यांकडे ते बघतच नाहीत हो. नजर समोरच्या डिवायडरच्या फटीवर. मी ओरडले की म्हणतात, "अगं थांबतात. आत माणसंच बसलेली असतात ना."

वय ७६. रस्ता कर्वे रोड. वेळ संध्याकाळची सातची.

मी स्वतः सतरा वर्षं अॅक्टिवा चालवली. पुण्यातल्या मुली चालवतात तशीच, तोंडाला स्कार्फ, कोपरापर्यंत मोजे, आणि हेल्मेट डिकीत. डिकीत का तर ट्रॅफिकवाला मामा, म्हणजे पोलीस, दिसला की घालायला. चार वर्षांपूर्वी आम्ही गाडी घेतली, सेकंडहँडच, पण उंच, एसयूव्ही म्हणतात तसली, कारण नवऱ्याला रस्ता "वरून" दिसायला हवा होता. पहिल्या आठवड्यात एक बाई असाच हात वर करून समोर आल्या, मी कचकन ब्रेक मारला आणि तोंडातून निघालं ते असं की इथे लिहिता येणार नाही. गाडी थोडी पुढे गेल्यावर डोक्यात आलं की अरे, हा हात तर बाबांचा.

तेव्हापासून मला हा नाद लागलाय. रस्त्यावर मरतं कोण? म्हणजे नक्की कोण? पेपरात "अपघातात ठार" असं सगळ्यांना एकच लेबल लावतात, पण ते एक मरण नाहीच, तुम्ही कशावर बसलात किंवा कशावरच बसलेला नाही यावर ते ठरतं.

केंद्र सरकारचं रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी एक जाडजूड अहवाल काढतं. २०२२ चा मी रात्री जागून वाचला (नवरा म्हणाला लोक वेबसिरीज बघतात). त्या वर्षी देशात १,६८,४९१ माणसं गेली. आपल्या महाराष्ट्रात १५,२२४. आता यातले कारमधले किती असतील? मी घरात, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, बहुतेकांनी निम्मे तरी असा अंदाज सांगितला. साडेबारा टक्के. दुचाकीवरचे ७४,८९७, म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस टक्के. आणि पायी चालणारे ३२,८२५. रोजचा हिशोब मांडला तर दुचाकीवरचे दोनशेपाच, चालणारे नव्वद, आणि कार, जीप, टॅक्सी सगळं मिळून सत्तावन्न-अठ्ठावन्न.

मग आपल्याला निम्मे का वाटतात? कारण आपल्याला आठवणारे अपघात कारचे असतात. गोपीनाथ मुंडे, ३ जून २०१४, दिल्ली, सकाळी विमानतळाकडे निघालेले, मागच्या सीटवर. मराठा आरक्षणाचे नेते विनायक मेटे, १४ ऑगस्ट २०२२, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, पहाट. तीन आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री, पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर, पुढचे दोघं वाचले आणि मागचे दोघं गेले, मागच्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलीस म्हणाले. त्यानंतर महिनाभर सगळी चर्चा मागच्या सीटच्या पट्ट्यावर. चर्चा झाली ते चांगलंच झालं, मी स्वतः तेव्हापासून मागे बसले तरी पट्टा लावते. पण त्याच वर्षी पट्टा न लावलेले १६,७१५ गेले आणि हेल्मेट न घातलेले ५०,०२९. तिप्पट. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही, तुम्हालाही नसेल, असलंच तर ते तुमच्या घरातलं किंवा गल्लीतलं असणार.

बसचंही तसंच. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली आणि पंचवीस माणसं गेली, सकाळी उठल्यावर अख्खा महाराष्ट्र सुन्न. आई तेव्हापासून ट्रॅव्हल्सने जायचं नाव काढत नाही. आणि ती जाते कशाने? भावाच्या बाईकवर मागे बसून. साडीत, एका बाजूला पाय सोडून, एक हात भावाच्या खांद्यावर नि दुसऱ्या हातात पर्स. मी कागदावर गणित करून दाखवलं तिला, आई, पंचवीस दुचाकीवाले तर या देशात दर तीन तासांना जातात. ती म्हणाली, "जात असतील, पण जळून नाही ना जात." यावर काय बोलणार? भीतीला टक्केवारी कळत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही जळण्याचीच जास्त भीती वाटते.

आता इथवर वाचून कोणीतरी म्हणणार, म्हणजे आमच्या ऑफिसातला एकजण म्हणालाच, की दुचाकीवाले जास्त मरतात कारण दुचाक्याच जास्त आहेत, त्यात काय एवढं. देशात नोंदणी झालेल्या वाहनांत साधारण चारातल्या तीन दुचाक्या. त्या हिशोबाने पंच्याहत्तर टक्के गाड्या आणि पंचेचाळीसच टक्के मरणं, म्हणजे दुचाकी सेफच की! बोलला आणि चहाचा कप ठेवून विजयी मुद्रेने निघून गेला. मला दोन दिवस लागले उत्तर सुचायला. (मला वाद घालताना उत्तर नेहमी दोन दिवसांनीच सुचतं.)

गोम भागाकारात आहे. वर मेलेले ठेवले, पण खाली काय ठेवायचं? नोंदणीच्या आकड्यात आमच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली, सीटवर मांजर बाळंत झालेली ती काकांची स्कूटरही आली. ती कुठं धावतेय? कार दिवसाला जेवढी पळते तेवढी दुचाकी पळत नाही, शिवाय कारमध्ये माणसंही जास्त. खाली माणूस किती अंतर गेला ते ठेवलं तर चित्र एकदम फिरतं. अमेरिकेत हा हिशोब ठेवतात. तिथे २०२२ मध्ये तेवढ्याच अंतरामागे मोटरसायकलवाल्याचा मरायचा धोका कारमधल्या माणसाच्या वीसपटीहून जास्त निघाला. आता अमेरिकेतली मोटरसायकल म्हणजे रविवारी हायवेवर उडवायची मोठी धूड, आपली अॅक्टिवा म्हणजे भाजी आणायची गाडी, त्यामुळे ती वीसपट इथे जशीच्या तशी चिकटवू नये. पण दिशा तीच असणार, कारण पडल्यावर रस्ता आणि तुमचं डोकं यांच्यामध्ये काहीच नसतं, मग तुम्ही पुण्यात असा नाहीतर टेक्सासात.

सायकलचं तर अजून गमतीशीर. नेदरलँड्समध्ये २०२२ साली रस्त्यावर ७४५ जण गेले, त्यातले २९१ सायकलवर. जवळजवळ चाळीस टक्के. आपल्याकडे सायकलवाले तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपण सायकलसाठी हॉलंडपेक्षा भारी देश? अहो, तिथे शाळेतली पोरं नि ऐंशीच्या आज्या सायकलवर फिरतात. आपल्याकडे जे घाबरले त्यांनी कधीच सायकली विकल्या, आणि जे घाबरूनही चालवतात ते वॉचमन, पेपरवाले, बांधकामावरचे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, बाबा सुद्धा कर्वे रोडने सायकलनेच कामावर जायचे. आता त्या रस्त्यावर सायकलवाला मरत नाही कारण तो तिथे नाहीच. मरणारे कमी दिसले म्हणजे रस्ता सुधारला असं नसतं, कधीकधी माणसंच तिथून निघून गेलेली असतात.

बायकांचंही थोडं तसंच आहे. रस्त्यावर मरणाऱ्या शंभरातले साधारण शहाऐंशी पुरुष असतात, बायका चौदा. आमच्या महिला ग्रुपवर यावरून हशा पिकला की बघा कोण चांगलं चालवतं. असेलही तसं, माझी काही हरकत नाही. पण रात्री दहा वाजता हायवेवर ट्रक, टेम्पो, डिलिवरीची बाईक घेऊन कोण असतं? आम्ही घरात असतो. आणि बाहेर असतो तेव्हा बहुतेक मागे बसलेल्या असतो. त्या ५०,०२९ विनाहेल्मेटवाल्यांमधले १४,३३७ मागे बसलेले होते. माझ्या माहेरी दोन हेल्मेट, एक भावाचं आणि दुसरंही भावाचंच, जुनं. आईचं नाही. आईला विचारलं तर अंबाडा मोडतो.

हेल्मेटवर पुण्यात बोलायचं म्हणजे अंगावर येतात लोक. २०१९ च्या जानेवारीत सक्ती सुरू झाली तेव्हा चक्क मोर्चे निघाले होते, मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात, गावातल्या गावात कशाला. आणि मी त्या बाजूचीच होते हां, आता कशाला खोटं बोलू. आमचे एक शेजारी तर आकडेच फेकायचे, मेलेल्यांतल्या एकतृतीयांश लोकांनी हेल्मेट घातलेलंच होतं, मग काय उपयोग झाला? ऐकायला पटतं. पण रस्त्यावर एकूण किती जण घालून फिरत होते ते कळल्याशिवाय या एकतृतीयांशला काहीच अर्थ नाही, आणि उलट बाजूने "दोनतृतीयांश विनाहेल्मेटवाले" या सरकारी वाक्यालाही तेवढाच अर्थ आहे, म्हणजे नुसता काहीच नाही. त्यासाठी अपघात झालेलेच लोक घेऊन, घातलेले विरुद्ध न घातलेले अशी तुलना करावी लागते. जगभरातले असे साठेक अभ्यास एकत्र करून कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था आहे ही) २००८ मध्ये निष्कर्ष काढला की हेल्मेटने मरायचा धोका ४२ टक्क्यांनी कमी होतो आणि डोक्याला मार लागायचा ६९ टक्क्यांनी. शंभर टक्क्यांनी नाही. छातीवरून चाक गेलं तर हेल्मेट काय करणार.

माझं मत मात्र बदललं ते अभ्यास वाचून नाही. २०१९ च्याच पावसाळ्यात एका वळणावर खडी पसरलेली, मी जेमतेम तीसच्या स्पीडला असेन, मागचं चाक सरकलं आणि मी आडवी. त्या दिवशी पुढच्या चौकात पोलीस असतात म्हणून हेल्मेट डोक्यावर होतं, एवढंच कारण. कानाच्या वर टाळी वाजल्यासारखा आवाज झाला. उठले, कपडे झटकले, दोन पोरांनी गाडी उचलून दिली, घरी आले. दुसऱ्या दिवशी हेल्मेट हातात घेऊन बघितलं तर बाहेरून केसाएवढी चीर, नखाला लागेल न लागेल अशी. आतलं कापड ओढून काढलं तर खालचं थर्माकोल एका जागी बशीसारखं चेपलेलं. बोट ठेवलं तर अंगठा बरोब्बर बसत होता त्या खळग्यात. ते थर्माकोल चेपण्यासाठीच असतं, एकदाच चेपतं, मग ते हेल्मेट फेकायचं असतं. मी नाही फेकलं. बाल्कनीत खिळ्याला लटकतंय अजून, चिमणीने एकदा घरटं करायचा प्रयत्न केला त्यात.

पण चालणाऱ्याला कसलं हेल्मेट? बाबांकडे आहे काय, एक हात.

चालणाऱ्यांचा आकडा मला सगळ्यात जास्त छळतो कारण तो धड मोजलाही जात नव्हता. २०१६ च्या सरकारी आकड्यांत पायी चालणारे होते १५,७४६, एकूणच्या दहा टक्के. दिल्ली आयआयटीतले दिनेश मोहन, गीतम तिवारी ही मंडळी वर्षानुवर्षं सांगत होती की हे शक्यच नाही, पोलिसांच्या मूळ कागदांत बसून मोजलं तर चालणारे याच्या कितीतरी पट निघतात. सहा वर्षांत तो आकडा ३२,८२५ झाला, दुपटीहून जास्त. लोक एकदम दुप्पट मरायला लागले असं मला वाटत नाही, त्यातले बरेच आधीही मरतच होते, फक्त तक्त्यात दुसऱ्याच कुठल्यातरी रकान्यात पडलेले. एकूण आकड्याचंही तेच. २०१६ साठी सरकार म्हणतं १,५०,७८५ आणि जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज जवळजवळ तीन लाख. मधली दीड लाख माणसं कागदावरच नाहीत.

माझ्या मामाचं गाव हायवेला लागून आहे. हायवे चौपदरी झाला तेव्हा गाव एका बाजूला राहिलं आणि शेतं, स्मशान, एसटीचा थांबा दुसऱ्या बाजूला. खालून जायला बोगदा ठेवलाय, एक किलोमीटरवर, आणि पावसात त्यात गुडघाभर पाणी. आता डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई एक किलोमीटर तिकडे नि एक किलोमीटर इकडे चालणार का? ती डिवायडरवरून पाय टाकते. गावाने तिथलं रेलिंगच कापून टाकलंय. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या रस्त्यांच्या लांबीत दोन टक्के, पण मरणारे छत्तीस टक्के, आणि या आकड्यावर बोलताना लोक ड्रायवर झोपला, ओवरस्पीड, दारू एवढंच बोलतात. चाऱ्याच्या भाऱ्याचं कोणी बोलत नाही. अपघात झाला की अहवालात लिहितात, पादचारी अचानक आडवा आला. अचानक कसला, चारशे वर्षं ते गाव तिथेच आहे, अचानक तर हायवे आलाय.

आणि स्पीड. जर्मनीतल्या खऱ्या अपघातांवरून काढलेला हिशोब आहे, चालणाऱ्या माणसाला पन्नासच्या स्पीडने गाडी धडकली तर तो मरायची शक्यता तीसच्या स्पीडपेक्षा पाचपटीहून जास्त. तीस आणि पन्नास! गाडीत बसून मला त्यात फरकच कळत नाही, एसी चालू, गाणं चालू, काटा कधी तिसाचा पन्नास होतो पत्ता लागत नाही. अॅक्टिवावर कळायचं, डोळ्यांत पाणी यायचं, ओढणी फडफडायची. गाडीने माझ्यापासून स्पीड लपवलाय, आणि समोरच्याला तर तो लपवता येत नाही.

वर उंच गाडी. नवऱ्याला हवा असलेला तो "वरून" दिसणारा रस्ता. अमेरिकेत २०२३ मध्ये विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने तपासलं, चाळीस इंचांपेक्षा उंच बॉनेटवाल्या गाड्यांखाली सापडलेला चालणारा माणूस मरायची शक्यता बुटक्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा साधारण पंचेचाळीस टक्के जास्त. बुटकी गाडी पायाला लागते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीला लागते आणि माणूस खाली जातो. मी टेप घेऊन पार्किंगमध्ये गेले. आमची अडतीस भरली. मग टेप तसाच धरून उभी राहिले आणि बाबांची उंची आठवत बसले, ते पाच फूट तीन, अडतीस इंच म्हणजे त्यांच्या बरगड्यांपाशी.

म्हणजे हिशोब असा झाला. अॅक्टिवा सोडून गाडीत बसले तेव्हा माझा धोका धाडकन खाली आला, पट्टा, एअरबॅग, चहूबाजूंनी पत्रा. पण तो धोका हवेत विरला नाही, मी तो दुसऱ्याच्या पदरात टाकला. अॅक्टिवावर असताना मरण्याची शक्यता जास्त माझी होती, आता ती समोरच्याची जास्त. शोरूममध्ये पाच स्टार दाखवतात ते आतल्या माणसांसाठी मोठ्या अक्षरात. बाहेरच्याचं काय हे मी तरी कधी विचारलं नव्हतं, आणि हप्ते अजून तीन वर्षं चालू आहेत.

गाडी विकणार का? नाही विकणार. आईचे गुडघे, मुलाचा क्लास, पाऊस. अहवाल वाचून लोक गाड्या विकत नाहीत, मीही नाही. फक्त सिटीत काटा चाळीसच्या वर गेला की आता माझं मलाच कससं होतं, मागून हॉर्न मारतात, मारू दे.

परवाचीच गोष्ट. साडेसातचा सुमार, भुरभुर पाऊस, वायपर एका बाजूला रेघ सोडतोय, पुढच्या गाड्यांचे लाल दिवे काचेवर पसरलेले. फुटपाथच्या कडेला एक आजोबा, बाबा नव्हेत, दुसरेच कोणीतरी, छत्री मिटलेली, हात वर. तोच हात, बोटं वाकलेली. मी थांबले. पूर्ण थांबले, इंडिकेटर लावला, हाताने या या म्हणलं. ते उतरले रस्त्यावर, दोन पावलं, तीन, माझ्या बॉनेटच्या समोरून जाताना मला फक्त डोकं आणि तो हात दिसत होता. आणि माझ्या उजवीकडून, मी का थांबले हे न कळल्यामुळे, एक मुलगी अॅक्टिवावरून सुसाट आली, स्कार्फ, मोजे, हेल्मेट कोपरात अडकवलेलं. माझ्या गाडीमुळे तिला ते दिसत नव्हते आणि त्यांना ती. मी हॉर्नवर तळहात दाबला.

आजोबा एक पाऊल मागे आले. ती गेली, वळूनही न बघता, तिला बहुधा कळलंच नाही काय झालं ते. ते माझ्या बॉनेटला एक हात टेकून तसेच उभे राहिले, दुसरा अजून वरच होता.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवायला लागलं.